इंधन बदलताना : इंजिन रूममधली काही वर्षं

२०१९ च्या उत्तरार्धात मी एका बल्क कॅरिअरवर, म्हणजे धान्य-कोळशासारखा सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, सेकंड इंजिनिअर होतो. त्या दिवसांत आमच्याकडे इंजिनापेक्षा टाक्यांचीच चर्चा जास्त चालायची. १ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या तेलात गंधक ०.५० टक्क्याच्या वर चालणार नव्हतं. तोवरची मर्यादा ३.५० टक्के होती. आयएमओने, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, ही तारीख २०१६ मध्येच पक्की केली होती. कंपन्यांच्या हातात तीन वर्षं होती. आमच्या कंपनीत त्यातला बराचसा काळ तेलाचे भाव, पुरवठा आणि स्क्रबर, म्हणजे धूर धुणारं यंत्र, बसवायचा की नाही यावर खल करण्यात गेला. जहाजावर काम येऊन पडलं ते शेवटच्या काही महिन्यांत.

तोवर आम्ही जाळत होतो ते हेवी फ्युएल ऑइल. रिफायनरीत कच्च्या तेलातून पेट्रोल, केरोसीन, डिझेल असं सगळं काढून घेतलं की तळाला उरतं ते. थंड असताना डांबरासारखं. पंपाने ओढायचं तर आधी वाफेच्या कॉइलने ४०-५० अंशांपर्यंत गरम करायचं, प्युरिफायरला, म्हणजे तेलातला गाळ-पाणी वेगळं काढणाऱ्या यंत्राला, ९८ अंश, इंजिनात जाताना १३० च्या आसपास. माझ्या पिढीच्या इंजिनिअरांची निम्मी कारकीर्द या तेलाला गरम, पातळ आणि स्वच्छ ठेवण्यात गेली. त्याचा धूर बंदरांलगतच्या वस्त्यांवर जायचा. गंधकाचे वायू आणि बारीक काजळी माणसाच्या फुप्फुसांचं काय करतात हे कळून कित्येक वर्षं झाली होती. म्हणून हा नियम आला तेव्हा मला मनापासून बरं वाटलं आणि आजही मी त्याच बाजूचा आहे. नियम जहाजावर उतरतो तेव्हा काय काय होतं, कुठे नीट होतं आणि कुठे बिनसतं, एवढंच मला इथे सांगायचं आहे.

नव्या तेलासाठी टाकी नुसती रिकामी करून भागत नाही. डबल बॉटम टाकीच्या तळाला पोलादी फ्रेम असतात, हीटिंग कॉइल असतात आणि त्यांच्या कोपऱ्याकोपऱ्यांत वर्षानुवर्षांचा गाळ बसलेला असतो. तेल ओढणाऱ्या पाइपाचं तोंड तळापासून थोडं वर असतं, त्यामुळे शेवटचा थर टाकीतच राहतो. आता हिशेब करून बघा. नवं तेल ५०० टन, त्यात गंधक ०.४७ टक्के. तळाशी राहिलेलं जुनं तेल १० टन, त्यात गंधक ३ टक्के. दोन्ही मिसळलं की आकडा ०.५२ वर जातो. पुरवठादाराने अगदी नियमातलं तेल दिलेलं असूनही बंदरातल्या तपासणीत जहाज दोषी ठरू शकतं, ते या दहा टनांमुळे.

म्हणून माणसं आत उतरवायची. आधी टाकी कित्येक तास हवेशीर करायची, मग ऑक्सिजन २०.९ टक्के आहे का, ज्वलनशील वायू आणि हायड्रोजन सल्फाइड नाही ना, हे वेगवेगळ्या उंचीवर मोजायचं. परमिटवर सह्या झाल्या की फिटर आणि मोटरमन आत, मॅनहोलपाशी रेडिओ घेऊन एक जण, जवळ श्वसनयंत्र आणि स्ट्रेचर तयार. आत उभं राहता येत नाही. फ्रेममधल्या भोकांतून सरपटत पुढच्या कप्प्यात जायचं, ठिणगी न पडणाऱ्या अवजारांनी गाळ खरवडायचा, बादलीत भरायचा, दोरीने वर द्यायचा. वीस मिनिटांत माणूस घामाने निथळतो. एक टाकी झाली की दुसरी. आणि हे सगळं रोजचं वॉच, रोजची देखभाल सांभाळून. काही कंपन्यांनी गाळ विरघळवणारी रसायनं महिनोन्‌महिने आधीपासून टाकीत घातली, शेवटी थोडं डिझेल फिरवून टाक्या धुतल्या. तिथल्या माणसांना आत कमी उतरावं लागलं. आमच्याकडे ते सुरू करायला उशीर झाला होता.

उशिराचं कारण करारात होतं. टाइम चार्टरमध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकरारात, जहाज मालकाचं आणि तेलाचा खर्च चार्टररचा, म्हणजे भाड्याने घेणाऱ्याचा. नवं तेल महाग. त्यामुळे स्वस्त जुनं तेल शेवटच्या दिवसापर्यंत वापरावं, असा चार्टररचा आग्रह. आमच्या चीफ इंजिनिअरनी कोणती टाकी कधी रिकामी होईल, कोणत्या बंदरात कुठल्या टाकीत नवं तेल घ्यायचं, असा आराखडा फार आधी पाठवला होता. त्याला उत्तर आलं तेव्हा वेळापत्रक पार आवळून गेलं होतं. शेवटी सगळं झालं, वेळेत झालं, पण त्याचा भार आत सरपटणाऱ्या माणसांवर पडला. १ मार्च २०२० पासून तर स्क्रबर नसलेल्या जहाजाला जुनं तेल टाकीत बाळगणंही बंद झालं, तेव्हा उरलंसुरलं तेल बार्जवर, म्हणजे तेलाची ने-आण करणाऱ्या छोट्या नौकेवर, उतरवावं लागलेली जहाजंही होती.

नवं तेल आलं तेव्हा लक्षात आलं की हे एक तेल नाहीच. कमी गंधकाचं म्हणून जे मिळत होतं ते वेगवेगळ्या रिफायनऱ्यांतले वेगवेगळे घटक मिसळून तयार केलेलं. एका बंदरातलं जरा तापवलं की पाण्यासारखं पातळ, दुसऱ्या बंदरातलं जवळजवळ जुन्यासारखं दाट. काहींत मेण जास्त; थंड समुद्रात टाकी जराशी गार झाली की फिल्टरवर पांढुरका थर. आणि सगळ्यांत काळजीची गोष्ट म्हणजे दोन बंदरांतली तेलं एकमेकांत मिसळली की त्यातला अॅस्फाल्टीन हा डांबरासारखा घटक बाहेर पडून गाळ होण्याची शक्यता. जुन्या तेलातही ही भीती असायची, पण या नव्या मिश्रणांत ती रोजची झाली.

यावर जहाजावरच करता येते अशी एक चाचणी आहे, स्पॉट टेस्ट. ती मी तेव्हापासून प्रत्येक नव्या मुलाला हाताने करायला लावतो. टाकीतलं तेल आणि बार्जवरचं तेल समान भागांत घ्यायचं, गरम करून नीट ढवळायचं आणि फिल्टर पेपरवर एक थेंब सोडायचा. तासभर ओव्हनमध्ये १०० अंशांवर वाळवायचा. मग तो डाग बघायचा. सगळीकडे सारखा तपकिरी पसरलेला असेल तर दोन्ही तेलं एकमेकांत राहतील. मध्यभागी गडद, काठ स्पष्ट दिसणारं वर्तुळ उमटलं तर राहणार नाहीत. एक ते पाच असे नमुन्याचे डाग दिलेले असतात, त्यांच्याशी ताडून क्रमांक द्यायचा. तीन किंवा त्याच्या पुढे गेला की दोन्ही तेलं वेगळ्या टाक्यांत. प्रयोगशाळेचा अहवाल यायला काही दिवस लागतात, हा कागद तासाभरात सांगतो. लाखो डॉलरचं इंजिन आणि त्याचा निर्णय बोटाएवढ्या डागावर, हे मला अजूनही थरारक वाटतं.

एकदा आम्ही घेतलेलं तेल प्रयोगशाळेत सगळ्या कसोट्यांवर पास होतं आणि तरीही प्युरिफायर दर थोड्या तासांनी गाळाने भरत होता. थर्ड इंजिनिअर आणि मोटरमन आळीपाळीने बाऊल उघडून डिस्क धूत होते. तेलाचं तापमान, प्रवाह, गाळ बाहेर टाकण्याचं अंतर हे सगळं त्या तेलाला जमेल असं बसवत बसवत आम्ही ते वेगळं संपवलं. कसोटीत पास आणि इंजिनात त्रासदायक, असं तेल असू शकतं, हे ऑफिसला पटवायला आम्हाला प्युरिफायरच्या डिस्कचे फोटो पाठवावे लागले. फोटो गेल्यावर मात्र सुपरिटेंडेंटनी, म्हणजे ऑफिसातून आमच्या जहाजाचं तांत्रिक काम बघणाऱ्या अधिकाऱ्यांनी, तत्परतेने तज्ज्ञ जोडून दिला.

सिलिंडर ऑइल, म्हणजे सिलिंडरच्या आत घालायचं वंगण, तेही बदललं. जुन्या तेलातल्या गंधकापासून आम्ल तयार व्हायचं, ते मारायला सिलिंडर ऑइलमध्ये अल्कली भरपूर लागे, ७० ते १०० बीएन (बीएन हे अल्कलीचं माप). गंधक कमी झालं तर तेवढी अल्कली पिस्टनच्या माथ्यावर कठीण थर होऊन बसते आणि लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, ओरखडते. म्हणून ४० बीएनच्या आसपास यावं लागलं. बंदरात थांबलो की स्कॅव्हेंज पोर्टमधून, म्हणजे सिलिंडरच्या हवेच्या भोकांतून, टॉर्च घालून पिस्टन रिंगा बघायच्या, ड्रेन ऑइलमध्ये लोखंड किती येतंय ते मोजायचं. पहिलं वर्ष आम्ही लायनरकडे सतत संशयाने बघत काढलं.

एवढ्या उठाठेवीचं फळ खरं होतं. आयएमओच्या हिशेबाप्रमाणे या एका नियमामुळे जहाजांचं गंधक-प्रदूषण ७७ टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला सुमारे ८५ लाख टनांनी कमी होणार होतं. युरोप-अमेरिकेच्या किनाऱ्यालगतच्या नियंत्रित पट्ट्यांत तर २०१५ पासूनच ०.१० टक्क्याची मर्यादा आहे, आणि मे २०२५ पासून भूमध्य समुद्रही त्यात आला. तिथे शिरताना शुद्ध डिझेलवर जायचं. इंग्लिश खाडीत पश्चिमेकडून येताना ५ अंश पश्चिम रेखांश ओलांडायच्या आत सगळ्या पाइपांतलं जुनं तेल जाळून संपलेलं हवं. घाई चालत नाही. इंधनाचं तापमान मिनिटाला दोन अंशांपेक्षा जास्त वेगाने उतरवलं तर फ्युएल पंपाचे प्लंजर जाम होऊ शकतात. हेवी तेलाच्या १३० अंशांवरून डिझेलच्या ४० वर यायचं म्हणजे निदान पाऊण तास नुसतं तापमान उतरवण्यात जातो. वेळ, अक्षांश-रेखांश, प्रत्येक टाकीतलं तेल, सगळं लॉगबुकात लिहायचं. ही नोंद नीट ठेवणारा फोर्थ इंजिनिअर मला हुशार इंजिनिअरपेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

स्क्रबरबद्दल थोडक्यात सांगतो. जुनंच तेल जाळायचं आणि धूर चिमणीत समुद्राच्या पाण्याने धुवायचा, अशी ती सोय. भावातला फरक बघता बऱ्याच कंपन्यांचे पैसे काही वर्षांत वसूल झाले. पण उघड्या पद्धतीच्या स्क्रबरमधून ते आम्लयुक्त पाणी परत समुद्रात जातं. हवेतली घाण पाण्यात सोडण्याला मी पर्यावरणाचं काम म्हणायला तयार नाही. सिंगापूरने २०२० पासूनच आपल्या बंदरात हे पाणी सोडायला मनाई केली, इतर अनेकांनी नंतर केली. ते योग्यच झालं.

मग आला कार्बन. तोवर मी चीफ झालो होतो.

१ जानेवारी २०२३ पासूनच्या कामगिरीवर ५,००० ग्रॉस टन आणि त्यावरच्या बहुतेक मालवाहू आणि प्रवासी जहाजांना दरवर्षी श्रेणी मिळू लागली, ए ते ई. तिला सीआयआय म्हणतात. वर्षभरात किती कार्बन डायऑक्साइड सोडला, भागिले जहाजाची वहनक्षमता आणि कापलेलं अंतर. श्रेणीची पट्टी दरवर्षी आवळत जाते: २०१९ च्या मानाने २०२३ साली ५ टक्के, पुढे २०२६ पर्यंत दरवर्षी आणखी दोन. सलग तीन वर्षं डी किंवा एकदा ई आली की सुधारणेचा आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो.

आमच्या जहाजाची घसरण सुरू झाली तेव्हा ऑफिसमधून पहिला प्रश्न मला आला, इंजिनात काय बिघडलंय? इंजिनात काही नव्हतं. आम्ही बंदराबाहेर नांगर टाकून आठवडेच्या आठवडे उभे होतो. जनरेटर चालू, बॉयलर चालू, अंतर शून्य. शिवाय उष्ण पाण्यात उभ्या जहाजाच्या तळाला शेवाळ आणि शिंपले धरतात, आणि निघाल्यावर त्याच वेगाला जास्त तेल लागतं. त्याच्या उलट, जहाज रिकामं धावलं तर तेल कमी लागतं आणि श्रेणी सुधारते, कारण सूत्रात खरा माल किती नेला हे येतच नाही, क्षमता येते. म्हणजे माल भरून नेणाऱ्यापेक्षा रिकामं फिरणारं जहाज कागदावर हिरवं दिसू शकतं. नियमाची दिशा बरोबर आहे, पण हे सूत्र दुरुस्त व्हायला हवं, असं मी जिथे विचारलं जातं तिथे सांगत आलो आहे.

आणि मुळात आम्ही बंदराबाहेर उभे का होतो? कारण तिथे पळत पळत गेलो होतो. जुन्या चार्टर करारांत जहाजाने होता होईल तितक्या लवकर पोचावं, असं बंधन असतं. लवकर पोचून नंबर लावायचा, मग धक्का मोकळा होईपर्यंत थांबायचं. व्हॉयेज चार्टरमध्ये, म्हणजे एका फेरीच्या करारात, ठरल्यापेक्षा जास्त थांबलं तर मालकाला डेमरेज, म्हणजे थांबण्याची भरपाई, मिळतं. इंजिनाच्या बाजूने बघा. लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १४ नॉटवरून १२ वर आलो तर तासाला तेल सुमारे ३७ टक्के कमी, आणि तेवढंच अंतर कापायला एकूण सुमारे २७ टक्के कमी. यासाठी नवं इंधन नको, नवं इंजिन नको. चार दिवसांनी धक्का मिळणार हे बंदराला ठाऊक असतं, एजंटला ठाऊक असतं, आणि तरी आम्ही पूर्ण वेगाने जाऊन तिथे चार दिवस नांगरावर काढायचो. इतकी वर्षं जगाने हे कसं चालू दिलं, याचा मला राग येतो.

आमच्याकडे हे बदललं ते कंपनीतल्या एका बाईंमुळे. त्या ऑपरेशन्स बघायच्या. त्यांनी कॅप्टन, मी, चार्टररचा माणूस आणि कंपनीचा वकील अशा सगळ्यांना एकाच कॉलवर बसवलं. मी मागच्या फेऱ्यांचं रोजचं तेल, वेग आणि नांगरावरचे दिवस एका कागदावर मांडून ठेवले होते. चार्टररच्या माणसाने ते बघितल्यावर पहिला प्रश्न विचारला तो हा, की यातल्या थांबण्याच्या तेलाचे पैसे आम्हीच भरतोय ना? त्यानंतर बोलणं सोपं झालं. बिम्को या जहाजमालकांच्या संघटनेने २०२२ मध्येच सीआयआयसाठी कराराचं नमुना कलम काढलं होतं. त्याच्या आधारे वेग ठरवायची मुभा करारात आली. पुढच्या काही फेऱ्यांत धक्क्याची तारीख आधी कळवून आम्हाला सावकाश यायला सांगितलं गेलं. सगळीकडे असं होत नाही. धान्याच्या आणि कोळशाच्या बंदरांत आजही रांगा लागतात. पण इंजिन रूममधल्या कुठल्याही सुधारणेपेक्षा या एका कॉलने जास्त तेल वाचवलं, हे मी लॉगबुकाच्या आधारे सांगतो.

त्याच सुमारास ड्राय डॉकमध्ये इंजिनाच्या शक्तीवर मर्यादा बसवली, म्हणजे फ्युएल रॅकला सीलबंद स्टॉप. जुन्या जहाजांना डिझाइनची ऊर्जाक्षमता सिद्ध करावी लागते, आणि बहुतेक कंपन्यांनी हाच मार्ग घेतला. वादळात जिवावर बेतलं तर सील तोडायची मुभा असते, पण तोडलं की कळवावं लागतं. तळाला सिलिकॉनचा गुळगुळीत रंग आणि प्रोपेलरला पॉलिश हेही झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही, चांगली कामं आहेत, व्हायलाच हवीत.

२०२४ पासून युरोपने जहाजांना कार्बनचे पैसे लावले. युरोपातल्या दोन बंदरांमधल्या फेरीचं पूर्ण उत्सर्जन, बाहेरून आत किंवा आतून बाहेर असेल तर निम्मं. पहिल्या वर्षीच्या उत्सर्जनापैकी ४० टक्क्यांचे परवाने घ्यायचे, २०२५ साठी ७० टक्के, २०२६ पासून शंभर. माझ्या दृष्टीने याचा परिणाम असा झाला की मी दुपारी पाठवतो त्या नून रिपोर्टमधला तेलाचा आकडा पहिल्यांदाच हिशेबखात्यात वाचला जाऊ लागला. पूर्वी फ्लोमीटर बिघडला तर सुटा भाग यायला महिने लागत. आता पुढच्या बंदरात येतो.

मिथेनॉलच्या जहाजावर जायचं का, असं कंपनीने विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. मिथेनॉल जाळणारी मालवाहू जहाजं २०१६ पासून आहेत, पण ती मिथेनॉलच वाहून नेणारी टँकर होती. २०२३ मध्ये मर्स्कचं लॉरा मर्स्क हे पहिलं मिथेनॉलवर चालणारं कंटेनर जहाज आलं, आणि त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी मागण्या नोंदवल्या.

आधी आयजीएफ कोर्स. कमी तापमानाला पेट घेणाऱ्या इंधनाचे धडे. आमच्या सगळ्या सवयी अशा तेलाच्या आहेत ज्याला ६० अंशांच्या खाली पेटवता येत नाही. मिथेनॉलची वाफ ११-१२ अंशांनाच पेट घेते. त्याची ज्योत फिकट निळी, भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. प्रशिक्षणाच्या मैदानावर आमच्यासमोर एक ट्रे पेटवला होता. नुसत्या डोळ्यांना फक्त वरची हवा थरथरताना दिसत होती. थर्मल कॅमेऱ्याच्या पडद्यावर तीच आग पांढरीशुभ्र, हातभर उंच. काळा धूर दिसला की आग, हे आमच्या हाडीमाशी भिनलेलं. ते त्या सकाळी बाजूला ठेवावं लागलं. शिवाय ते विष आहे. पोटात थोडं गेलं तरी डोळे जाऊ शकतात, कातडीतूनही शरीरात शिरतं. पाण्यात पूर्ण मिसळतं, आणि पाण्यात चौथा हिस्सा मिथेनॉल असलं तरी ते पेटू शकतं, त्यामुळे नुसतं पाणी मारून सांडलेलं धोक्याबाहेर गेलं असं धरता येत नाही. फोमही वेगळा, अल्कोहोलला टिकणारा.

जहाजावर पाइप दुहेरी भिंतीचे. आतल्या पाइपात मिथेनॉल, मधल्या पोकळीतून पंखा सतत हवा ओढतो, तासाला तीस वेळा ती पोकळी नव्या हवेने भरेल असा. कुठे गळती झाली तर सेन्सर तिथेच पकडतो आणि इंजिन आपोआप डिझेलवर येतं. काम करायच्या आधी लाइन नायट्रोजनने पूर्ण रिकामी करायची. पेट घ्यायला थोडं डिझेल बरोबर लागतंच, कारण मिथेनॉल दाबाने आपणहून सहज पेटत नाही. आणि टाक्या प्रचंड. किलोला सुमारे २० मेगाज्यूल, तेलात ४०. वजनाने दुप्पट, घनता कमी म्हणून आकारमानाने जवळजवळ अडीचपट.

पहिलं बंकरिंग, म्हणजे जहाजात इंधन भरणं, मला तपशिलाने आठवतं. या वेळी कंपनीने आम्हाला जहाज बांधून व्हायच्या आधी यार्डात बोलावलं होतं. मॅनिफोल्डपाशी, म्हणजे इंधन भरायचा पाइप जोडतात तिथे, इमर्जन्सी शॉवर फार लांब आहे, हातमोजे घातलेल्या हाताने एक व्हॉल्व्ह फिरत नाही, असं आम्ही सांगितलं आणि ते ड्रॉइंगमध्ये बदललं गेलं. म्हणून त्या दिवशी सगळे शांत होते. बार्जच्या आणि आमच्या माणसांनी चेकलिस्ट समोरासमोर उभं राहून वाचली, प्रत्येक ओळीला दोघांचं तोंडी उत्तर. आणीबाणीत दोन्हीकडचे व्हॉल्व्ह एकदम बंद करणारी केबल जोडून ती खरंच चालते का ते बघितलं. होज नायट्रोजनने भरून दाबाची चाचणी. मग अगदी सावकाश सुरुवात. मॅनिफोल्डचं कपलिंग असं असतं की सोडलं तरी थेंब पडत नाही. मी त्याखालचा ट्रे वारंवार बघत होतो; शेवटपर्यंत कोरडा. इतकी वर्षं बंकरिंग म्हणजे काळे बॉयलर सूट आणि भुसा. त्या दिवशी डेक पुसावाच लागला नाही.

पण माझी खरी उलाघाल त्यानंतर आलेल्या कागदांवरून झाली. मिथेनॉलचा रेणू एकच. नैसर्गिक वायूपासून करा, कोळशापासून करा, की जैववायूपासून, टाकीत सगळं सारखं दिसतं, सारखं जळतं, चिमणीतून सारखाच कार्बन बाहेर टाकतं. जगात आज बनतं ते बहुतेक वायू आणि कोळशापासून. ते वापरलं तर उत्पादनापासून धुरापर्यंतचा हिशेब मांडल्यावर हवामानाचा काहीच फायदा नाही, उलट तोटाच होऊ शकतो. फायदा आहे तो जैविक कचऱ्यापासून किंवा नूतनीकरणीय विजेने काढलेला हायड्रोजन आणि पकडलेला कार्बन डायऑक्साइड वापरून केलेल्या मिथेनॉलमध्ये. कुठलं मिळालं हे सांगणारं एकच साधन, त्याच्या बरोबर येणारं प्रमाणपत्र. मी नमुन्याच्या बाटल्या सील करतो, वर्षभर जपून ठेवतो, पण या प्रश्नाचं उत्तर त्या बाटलीत नाही. म्हणून मी बंकर नोटबरोबर, म्हणजे इंधनाच्या पावतीबरोबर, प्रमाणपत्राची प्रत मागतो, नसली तर नोंद करतो. आजकाल ऑफिसही मागतं, कारण २०२५ पासून युरोपचा फ्युएलईयू नियम इंधनाचा हिशेब विहिरीपासून चिमणीपर्यंत मोजतो. ही मला या सगळ्या नियमांतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. एलएनजीबद्दलही, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूबद्दलही, हेच. त्यात धूर स्वच्छ, पण इंजिनातून न जळता निसटणारा मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त तापवतो. त्याचा हिशेब न धरता त्याला स्वच्छ म्हणणं चूक आहे.

आणि खरं हिरवं मिथेनॉल आहे किती? डेन्मार्कमधल्या कासो इथे मे २०२५ मध्ये ई-मिथेनॉलचा, म्हणजे अशा नूतनीकरणीय विजेवर केलेल्या मिथेनॉलचा, मोठा कारखाना सुरू झाला, क्षमता वर्षाला ४२,००० टन. रोज १०० टन तेल जाळणाऱ्या मोठ्या कंटेनर जहाजाला तेवढीच ऊर्जा मिथेनॉलमधून घ्यायची तर रोज २०० टन लागेल. म्हणजे त्या कारखान्याचं वर्षाचं उत्पादन अशा एका जहाजाला समुद्रातले २१० दिवस पुरेल. आमचं जहाजही निम्म्याहून जास्त वेळ तेलावरच चालतं. इंजिन तयार आहे, माणसं तयार आहेत, इंधन नाही. कारखाने उभे करणाऱ्यांना पुढच्या वीस वर्षांचं गिऱ्हाईक दिसायला हवं, आणि ते कंपन्यांच्या जाहिरातींतून दिसत नाही, सगळ्यांना सारखा लागू असणाऱ्या किमतीतून दिसतं. म्हणून एप्रिल २०२५ मध्ये आयएमओच्या समितीने कार्बनची किंमत ठरवणारा आराखडा मंजूर केला तेव्हा आम्ही मेसरूममध्ये त्यावर बराच वेळ बोललो. ऑक्टोबरमध्ये त्यावर शिक्कामोर्तब व्हायचं होतं, ते बहुमताने वर्षभर पुढे ढकललं गेलं. मला त्याचं फार वाईट वाटलं. २०५० च्या सुमाराला शून्यावर यायचं असं याच देशांनी २०२३ मध्ये ठरवलंय, आणि आज पाण्यात उतरणारं जहाज वीस-पंचवीस वर्षं चालतं.

आता अमोनियाची पाळी आहे. त्यात कार्बनच नाही, म्हणून आकर्षण मोठं. २०२४ मध्ये सिंगापूरला एका जहाजात इंधन म्हणून अमोनिया भरून चाचण्या झाल्या, आयएमओने त्याच वर्षाअखेर तात्पुरती मार्गदर्शक तत्त्वंही मंजूर केली. पण मिथेनॉलच्या गळतीत माणसाला दूर जायला वेळ मिळतो, अमोनियाच्या दाट ढगात काही श्वासही जीव घेऊ शकतात. शिवाय इंजिनातून नायट्रस ऑक्साइड निघालं तर ते कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतं, म्हणजे ज्वलन अगदी नीट बसवावं लागणार. आमच्या कंपनीचा अमोनियाच्या जहाजांचा विचार चालू आहे आणि या वेळी ड्रॉइंग पहिल्या टप्प्यातच आमच्याकडे आली आहेत. सेकंड, इलेक्ट्रिकल ऑफिसर आणि मी त्यावर शेरे लिहितोय. व्हेंट मास्टचं, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या उंच नळाचं, तोंड राहण्याच्या जागेच्या हवेच्या झडपांपासून किती लांब आहे, वारा मागून असेल तर ढग कुठे जाईल, इंधनाच्या खोलीतून बाहेर पडायला दुसरी वाट कोणत्या बाजूला आहे, तिथपर्यंत पोचताना मास्क लावायला थांबावं लागेल का, आणि रात्रीच्या वॉचला इंजिन रूममध्ये कोणीच नसेल तर अलार्मला पहिल्यांदा कोणी उतरायचं. पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं यार्डाकडून येतील. पाचव्याचं उत्तर कंपनीने द्यायचं आहे, आणि ते लेखी मिळाल्याशिवाय मी शेऱ्यांवर सही करणार नाही, असं सुपरिटेंडेंटना कळवलं आहे. त्यांनाही ते पटलं आहे.